पट्टी, ससा आणि प्रयोगवही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



माझी ओळख करून देताना आत्ता बऱ्याच मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या गेल्या. पण माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी ज्यांनी सलग तीन वर्षं पळवली, ते समोर दुसऱ्या रांगेत बसून हसताहेत. त्यामुळे मोठेपणाचा आव आणायची सोय नाही, आणि ते बरंच आहे.

संयोजकांनी सांगितलं होतं, "यशोगाथा नको, अनुभव सांग." म्हणून मी माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. ती चूक माझी, पण तिची शिक्षा तीन सशांना झाली.

त्याआधी एक जुनी आठवण. नववीत आपल्या प्रयोगशाळेत पाण्याचा उत्कलनबिंदू मोजायचा प्रयोग होता. स्टँड, चंबू, स्पिरिटचा दिवा आणि चौघांत एक तापमापी. पाणी खळखळ उकळत होतं आणि पारा ९८ च्या आसपास थांबला होता, पुढे सरकायला तयार नव्हता. आमच्या गटाने शहाणपणा केला. पुस्तकात १०० आहे म्हणून वहीत १०० लिहिलं. बाईंनी वही पाहिली, तापमापी पाहिली आणि विचारलं, "हे शंभर कुठून आलं?" आम्ही गप्प. मग बाईंनी सांगितलं, की आपलं कऱ्हाड समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे, इथे हवेचा दाब थोडा कमी, म्हणून पाणी शंभरच्या थोडं आधीच उकळतं. तापमापी बरोबर होती. "तुमच्या तापमापीने काय दाखवलं ते लिहा. पुस्तकाला काय वाटतं ते मला माहीत आहे." आणि मी खोडरबर काढल्यावर त्यांनी हात धरला. "खोडायचं नाही. एक आडवी रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे."

त्यातला तापमापीचा भाग लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

शाळेनंतर मी इंजिनिअरिंगला गेले, पदवी घेतली आणि बारा-तेरा वर्षं बँकांची सॉफ्टवेअर लिहिली. काम चांगलं होतं, पगारही चांगला होता. हृदयाचा आणि माझा संबंध आला तो आप्पांमुळे. २०१४ मध्ये त्यांना मधूनच चक्कर यायला लागली. ईसीजी काढला की तो अगदी व्यवस्थित. डॉक्टरांनी होल्टर लावायला सांगितलं. छातीला पाच-सहा वायरी आणि कमरेला एक डबी, चोवीस तास. आप्पा दिवसभर आरामखुर्चीत पुतळ्यासारखे बसून राहिले, वायर निघेल म्हणून आंघोळही केली नाही. रिपोर्ट नॉर्मल आला. तिसऱ्या दिवशी मंडईत भाजी घेताना ते कोसळले. हृदयाचे ठोके मध्येच काही सेकंद थांबत होते, पण त्या चोवीस तासांत नेमके थांबले नव्हते. पुढे पेसमेकर बसला आणि आज ते ८१ वर्षांचे आहेत.

तेव्हा मी या यंत्राबद्दल वाचायला लागले. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नॉर्मन होल्टर नावाचे संशोधक होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चालत्या-फिरत्या माणसाचा ईसीजी रेडिओवरून पाठवायचं यंत्र बनवलं. ते पाठीवर बांधायचं आणि त्याचं वजन होतं सुमारे ३८ किलो. म्हणजे सिमेंटच्या पोत्यापेक्षा थोडंसंच कमी. तिथून कमरेच्या डबीपर्यंत यायला काही दशकं गेली, आणि आता छातीवर चिकटवायची पट्टी आली आहे. वायर नाही, आंघोळ करता येते, चौदा दिवस अंगावर राहते. आप्पांना अशी पट्टी मिळाली असती तर ते मंडईत पडले नसते, असं मला वाटत राहिलं. पुण्यात अशीच पट्टी बनवू पाहणारी एक लहान कंपनी माणसं शोधत होती. पगार जवळजवळ निम्मा होणार होता. घरात चर्चा झाली, थोडी भांडणंही झाली, आणि मी तिथे रुजू झाले.

आमच्या पट्टीत दोन गोष्टी होत्या. एक ईसीजीची विद्युतअग्रं, आणि दुसरी म्हणजे त्वचेत हिरवा, लाल आणि अवरक्त प्रकाश सोडणारे छोटे एलईडी. रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश थोडा बदलतो, त्यावरून नाडी कळते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनगटी घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो, तोच हा प्रकार. तो प्रकाश किती सोडायचा, केव्हा सोडायचा आणि परत आलेल्या गोंधळातून ठोका कसा ओळखायचा, हे सॉफ्टवेअर माझं.

आता अशी वस्तू माणसाच्या अंगावर पहिल्यांदा लावायच्या आधी काय काय तपासावं लागतं? मला वाटायचं, त्यात काय एवढं, आपणच लावून बघू. पण ज्या वस्तूबद्दल काहीच माहीत नाही, ती थेट माणसावर लावून बघायची नाही हा नियम जगाने फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर केलेल्या प्रयोगांचा खटला न्युरेंबर्गला चालला. त्याच्या १९४७ च्या निकालात दहा कलमं घालून दिली गेली. त्यातलं तिसरं कलम म्हणतं, की माणसावरच्या प्रयोगाचा पाया आधी प्राण्यांवर मिळालेल्या निष्कर्षांचा आणि त्या आजाराच्या माहितीचा असावा. प्राणी या गोष्टीत आले ते असे.

चौदा दिवस त्वचेला चिकटून राहणाऱ्या वस्तूबद्दल साधे प्रश्न असतात. गोंदाने त्वचा लाल होते का? ॲलर्जी येते का? त्यातून पेशींना विषारी असं काही झिरपतं का? वीज गळते का? वस्तू तापते का? पहिल्या तिघांसाठी आयएसओ १०९९३ नावाचं मानक आहे. लाली तपासायची जुनी पद्धत सशावरची. सशाच्या पाठीवरचे केस बारीक कापायचे, तिथे नमुना लावायचा, काढल्यावर १ तास, २४, ४८ आणि ७२ तासांनी बघायचं. लालीला शून्य ते चार गुण, सुजेला शून्य ते चार गुण. ही गुणपद्धत अमेरिकेतल्या जॉन ड्रेझ यांनी १९४४ मध्ये मांडली. ॲलर्जीची चाचणी गिनी पिगवर होते, तिची एक प्रसिद्ध पद्धत १९६९ ची. वीज आणि उष्णता यांच्यासाठी मात्र प्राणी लागत नाही. त्या टेबलावर मोजता येतात. या शेवटच्या वाक्याकडेही लक्ष असू द्या.

हृदयाची वीज मोजणं आणि प्राणी यांचं नातं तसं पहिल्यापासूनचं आहे. १८८७ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाचा पहिला ईसीजी घेतला. छाती न उघडता, बाहेरून. त्यांचा जिमी नावाचा बुलडॉग होता. त्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून ते लोकांना त्याच्या हृदयाची वीज दाखवायचे. १९०९ मध्ये असं प्रात्यक्षिक झाल्यावर ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला, की हा कुत्र्याचा छळ नाही का? गृहमंत्री ग्लॅडस्टन यांनी उत्तर दिलं, की पाण्यात थोडंसं मीठ होतं, समुद्राच्या पाण्यात पाय बुडवल्यासारखंच ते. कुत्र्याला बांधलेलं नव्हतं, तोंडाला मुसकं नव्हतं, गळ्यात पितळी खिळ्यांचा पट्टा मात्र होता. सभागृहात हशा पिकला असणार. पण प्रश्न विचारला गेला आणि मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे हा प्रश्न विचारण्याची व्यवस्था कायद्यातच आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत एक नीती समिती लागते. तिच्यात वैज्ञानिक असतात, पशुवैद्य असतो, बाहेरून नेमलेले सदस्य असतात, आणि विज्ञानाशी संबंध नसलेला पण समाजाचं भान असलेला एक सदस्यही असतो. प्राणी का हवेत, किती हवेत, त्याशिवाय भागणार नाही का, हे लिहून द्यावं लागतं. समितीने होकार दिल्याशिवाय एका सशालाही हात लावता येत नाही.

आमच्या चाचण्या एका बाहेरच्या प्रयोगशाळेत व्हायच्या होत्या. २०१८ ची गोष्ट. गोंद आणि कापडाची चाचणी नेहमीचीच. पण आम्ही अर्जात एक गोष्ट जास्त मागितली होती. तीन सशांच्या पाठीवर एका बाजूला बंद पट्टी आणि दुसऱ्या बाजूला चालू पट्टी, आठ तास. चालू पट्टीने त्वचेला काही होतं का ते एकदाच बघून घेऊ, असा विचार. समितीपुढे आमच्यातर्फे तिघं गेलो. बिगर-वैज्ञानिक सदस्य म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे कागद झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "ही पट्टी चालू ठेवून जे बघायचं आहे, ते टेबलावर बघून झालंय का?"

मी म्हटलं, "हो मॅडम, सॉफ्टवेअरच्या सगळ्या चाचण्या झाल्या आहेत."

हे उत्तर खोटं नव्हतं. चाचण्या झाल्या होत्या, चारशेच्या वर. पण त्या सगळ्या संगणकावर, साठवलेल्या मानवी सिग्नलवर. चालू पट्टी ३७ अंशांच्या ऊबदार पृष्ठभागावर, वरून कापडाने झाकून, आठ तास कोणीही ठेवली नव्हती. त्यांनी विचारलं होतं ते हेच, आणि मी उत्तर दिलं ते दुसऱ्याच प्रश्नाचं. परवानगी मिळाली.

चाचणीच्या दिवशी मी तिथे होते. पांढरे, लाल डोळ्यांचे तीन ससे, प्रत्येकी दोन-अडीच किलोचे. तिथल्या परिचारकाने एकेकाला छातीशी धरून आणलं. कोणी कोणाला दुखवत नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. ससे घाबरट असतात, पट्टी लावताना एकाचं अंग थरथरत होतं आणि तो परिचारक त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत होता. वरून मऊ कापड गुंडाळलं आणि पिंजऱ्यात सोडलं. मी माझ्या लॅपटॉपपाशी जाऊन बसले.

स्क्रीनवर ईसीजी छान येत होता. प्रकाशाचा सिग्नल मात्र 'खराब' दाखवत होता, तिन्ही सशांचा. मला वाटलं केसांमुळे असेल. इथे येऊन आज मुद्दा त्वचेचा आहे, सिग्नलचा नाही, असं म्हणून मी जेवायला गेले.

संध्याकाळी पट्ट्या काढल्या. बंद पट्टीखालची त्वचा जशीच्या तशी. चालू पट्टीखाली एलईडीच्या जागी नाण्याएवढा तांबडा गोल. तिन्ही सशांना. चोवीस तासांनी लालीला गुण २, आणि एकाला मधोमध मोहरीएवढा फोड.

त्या रात्री मी नोंदी उघडल्या. पट्टीतल्या चिपमध्ये एक लहानसा तापमान-संवेदक होता. तो आम्ही फक्त सिग्नल दुरुस्तीसाठी वापरायचो, त्याच्यावर कोणी नजर ठेवत नव्हतं. आकडे चढत गेले होते. ३८, ४०, ४२. तिसऱ्या तासापासून शेवटपर्यंत ४४ च्या वर.

कारण कळायला दहा मिनिटं लागली. माणसाचं हृदय मिनिटाला ६० ते १०० वेळा धडधडतं. सशाचं सहज दोनशेच्या वर. माझ्या सॉफ्टवेअरला मी शिकवलं होतं, की मिनिटाला ४० ते १८० ठोके म्हणजे नाडी, त्याबाहेरचं सगळं कचरा. आणि आणखी एक ओळ होती. सिग्नल खराब असेल तर प्रकाश वाढव. तरी खराब असेल तर आणखी वाढव. सशाची नाडी त्याला कचरा वाटत राहिली आणि ते बिचारं प्रामाणिकपणे प्रकाश वाढवत गेलं, वरच्या टोकापर्यंत, आणि तिथेच थांबून राहिलं. वर कापड, खाली केस कापलेली त्वचा. उष्णता जाणार कुठे?

तुम्ही म्हणाल, माणसाला काय फरक पडतो, माणसाची नाडी थोडीच दोनशे असते. असते. तान्ह्या बाळाची रडताना तितकी जवळ जाते. आणि ज्या आजारासाठी ही पट्टी बनवायची, त्यातल्या काही रुग्णांची नाडी झटका आला की दोनशेपर्यंत जाते. म्हणजे ज्याला पट्टीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती भाजणार होती. पट्टी नीट चिकटली नसेल तरी तेच. आप्पांच्या छातीवरचे केस मला डोळ्यांसमोर दिसले.

दुसऱ्या दिवशी कंपनीत बैठक झाली. गुंतवणुकीचा पुढचा हप्ता या अहवालावर अवलंबून होता. आमच्यापैकी एका वरिष्ठाने मार्ग सुचवला. तो अजिबात दुष्ट माणूस नव्हता, अठरा जणांचे पगार त्याच्या डोक्यावर होते. तो म्हणाला, "मानकाला गोंद आणि कापडाची चाचणी हवी आहे. ती आपण पास झालो. चालू पट्टी आपण आपल्या हौसेने लावली होती. तो रकाना अहवालातून काढून टाकू. सॉफ्टवेअर तर तू दुरुस्त करणारच आहेस."

मित्रहो, यात एक शब्दही खोटा लिहायचा नव्हता. फक्त एक रकाना कमी करायचा होता. आणि त्या तापमानाच्या नोंदी वाचू शकणारी त्या खोलीत मी एकटी होते.

मी लगेच नाही म्हटलं, असं सांगायला मला आवडलं असतं. मी दोन दिवस काही बोलले नाही. मुलीच्या शाळेची फी, घराचा हप्ता, नवऱ्याने "मी सांगत होतो" म्हणणं, सगळं मनात आलं. आणि एक पळवाट फार गोड होती. दुरुस्ती तर मी करणारच, मग लिहिलं काय आणि न लिहिलं काय.

त्या दोन दिवसांत मी त्वचा किती अंशांना भाजते ते वाचत बसले होते. तेव्हा मला मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांचं काम सापडलं. हार्वर्डमधले दोन संशोधक. १९४७ मध्ये त्यांनी डुकरांच्या त्वचेवर, आणि काही प्रमाणात स्वेच्छेने आलेल्या माणसांवरही, वेगवेगळ्या तापमानाचे प्रयोग करून ठेवले होते. ४४ अंशांना त्वचा भाजायला सुमारे सहा तास लागतात. त्याच्यावर दर अंशाला हा वेळ झपाट्याने कमी होतो. वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या मानकात रुग्णाला लागणाऱ्या भागासाठी ४१ अंशांची रेघ आहे, तिच्यावर गेलात तर ते जाहीर करावं लागतं, आणि दीर्घकाळ लागून राहणाऱ्या भागाला ४३ च्या पुढे जाता येत नाही. या मर्यादांमागे अशाच कामाचा आधार आहे.

म्हणजे माझ्या तीन सशांनी मला जे सांगितलं, ते सत्तर वर्षांपूर्वी कोणत्यातरी डुकरांनी सांगून ठेवलं होतं. ते लिहून ठेवलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. आणि पट्टी तापते हे कळायला तर सशाचीही गरज नव्हती. कोमट पाण्याची पिशवी, वर एक जेलचा थर, एक टॉवेल आणि तापमापी एवढं पुरलं असतं. नववीच्या प्रयोगशाळेतली तापमापी चालली असती.

तेव्हा मला तो रकाना काढून टाकणं म्हणजे काय ते समजलं. डुकरांचे ते आकडे कोणी गाळले असते तर मला ते वाचायलाच मिळाले नसते. आणि मी माझे गाळले, तर पुढे कुठल्यातरी शहरात कुठलीतरी कंपनी प्रकाशाची पट्टी बनवेल, तिचा इंजिनिअर हीच ओळ लिहील आणि पुन्हा तीन ससे भाजतील. प्राण्यावरचा प्रयोग कसाबसा समर्थनीय ठरतो तो एकाच अटीवर, की त्याने सांगितलेलं नीट लिहून ठेवलं जाईल आणि पुढच्यांच्या हाती पडेल. न लिहिलेला प्रयोग हा नुसता छळ.

तिसऱ्या दिवशी मी अहवालाला जोडायचं टिपण लिहिलं. तिन्ही सशांचे गुण, तापमानाचा आलेख, कारण, आणि शेवटी एक वाक्य: हा दोष प्राण्याविना टेबलावर सापडू शकला असता, तशी चाचणी केली गेली नव्हती. तो वरिष्ठ बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शेवटचं वाक्य तरी काढ." मी म्हटलं, "एक रेघ मारू शकते, पण खालचं वाचता येईल." त्याला संदर्भ कळला नाही. बाई, तुम्हाला कळला असेल.

समितीपुढे पुन्हा गेलो. त्या निवृत्त शिक्षिका रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी टिपण पूर्ण वाचलं आणि विचारलं, "ससे कसे आहेत?" पशुवैद्याने सांगितलं, की फोड सुकला आहे, केस पुन्हा येताहेत. मग त्या मला म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी तोच प्रश्न विचारणार आहे." एवढंच.

हप्ता लांबला. दोन महिने आमचे पगार उशिरा झाले आणि एक हुशार सहकारी सोडून गेला, त्याला मी दोष देत नाही. आम्ही पट्टीची रचना बदलली. सिग्नल मिळत नसेल तर ती आता प्रकाश वाढवत नाही, थांबते, आणि दर काही मिनिटांनी हळूच डोकावते. शिवाय सॉफ्टवेअरवर विश्वास न ठेवणारा एक वेगळा तापमान-खटका बसवला, जो ४१ अंशांच्या आधीच वीज तोडतो. माझ्या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवू नका, असं मीच सुचवलं. आणि जेलच्या ठोकळ्यावर, कोमट पाण्यावर, वेगवेगळ्या खोट्या नाड्या देऊन आठवडेच्या आठवडे चाचण्या केल्या. पुढच्या वेळी समितीकडे गेलो तेव्हा चालू पट्टीसाठी आम्ही एकही ससा मागितला नाही. गरज उरली नव्हती.

१९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन तत्त्वं सांगितली. प्राण्याऐवजी दुसरं काही चालत असेल तर ते वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, आणि त्यांचा त्रास कमी करा. आपल्या देशाच्या मार्गदर्शक सूचनांनी त्यात चौथं जोडलं, पुनर्वसन. प्रयोगानंतर त्या जिवाची जबाबदारी संपत नाही. मला हे चौथं फार आपलं वाटतं. आता गोष्टी पुढेही गेल्या आहेत. २०२१ मध्ये त्या आयएसओ मानकाचा नवा भाग आला, त्यात लाली तपासायला आधी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेचा थर वापरा असं म्हटलं आहे. खूप ससे वाचतील. पण त्या थराने माझी चूक पकडली नसती, कारण त्यावर कोणी चालू पट्टी आठ तास गुंडाळून ठेवणार नव्हतं. नवी पद्धत आली तरी तो जुना प्रश्न विचारावाच लागेल, की टेबलावर बघून झालंय का?

इथे बसलेल्यांत डॉक्टर आहेत, औषधांच्या दुकानवाले आहेत, शेतकरी आहेत, दोघीजणी शिक्षिका आहेत. प्रत्येकाच्या कामात असा एखादा रकाना येतोच, जो गाळला तर कोणाला कळणार नाही. मी उपदेश करायला उभी नाही. मला दोन दिवस लागले, हे मी आत्ताच सांगितलं.

बाई, परवा मेळाव्यासाठी घरी जुनी ट्रंक उघडली तेव्हा नववीची प्रयोगवही सापडली. कागद पिवळा पडलाय. पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या पानावर १०० वर आडवी रेघ आहे, शेजारी ९८ लिहिलंय आणि त्याखाली तुमची लाल शाईतली सही. रेघेखालचं अजून वाचता येतं.

ती वही मी आज सोबत आणली आहे. चहाच्या वेळी दाखवते. आणि चटणीचा डबाही आणला आहे, दुसऱ्या रांगेने काळजी करू नये.